बजैच्या ओसरीवरची मूठ

पी खुमीला सोबत न्यायचं ठरलं, तेव्हा उपा ह्रांगवुंगा चर्चच्या पायरीवर मटकन खाली बसले म्हणतात. आमच्या आळीत लोक तिखटमीठ लावून सांगतात, तेव्हा खरंखोटं देव जाणे. पण बसले असतील तर त्यांना दोष नाही. उपा म्हणजे चर्चचे वडीलधारे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा कोट घालून हळू बोलणारे. आणि पी खुमी म्हणजे मंडईत तिच्या शेजारी बसायला नको म्हणून बायका उन्हात टोपल्या मांडतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

नाव लियानखुमी. पी म्हणजे बाई, म्हणून तिला सगळे पी खुमी म्हणतात, लहानथोर सगळे, आणि जरा लांबूनच म्हणतात. नवरा लवकर गेला. मोहरीचा पाला आणि इस्कुशीची फळभाजी विकून तिनं एकुलती एक पोर वाढवली, नर्स केली. झोदिनी तिचं नाव. पोरीनं शिक्षण संपवलं आणि आईला म्हणाली, मी मिशनला जाते, नेपाळात. त्या दिवसापासून पी खुमीचं सगळ्या जगाशी वाकडं आलं.

आता यातली गंमत बघा. आमच्या ईशान्येकडच्या डोंगरात चूल पेटली की शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची, डोळे मिटून दोन शब्द देवाशी बोलायचे आणि ती मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, अशी रीत आहे. घरोघरी, दोन्ही वेळच्या जेवणाला. मग चर्चच्या बायका गोणी घेऊन फिरतात, डबे रिकामे करतात, तांदूळ विकतात, आणि बाहेर गेलेल्या मिशनच्या लोकांचं त्यावर पोट भरतं. ती गोणी पी खुमी लग्न होऊन आली तेव्हापासून वाहत होती. कुणाच्या डब्यात कमी दिसलं की दारातच तोंड सोडायची, "ही मूठ आहे का चिमूट? देवाला काय उंदीर समजलीस?" तिच्या धाकानं आमच्या आळीची गोणी नेहमी भरलेली असायची.

"माझ्याच तांदळानं माझी पोर नेली," ती भर मंडईत सांगायची. "आणि मीच ते गोणीत भरून दिले. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही." असं म्हणायची आणि संध्याकाळी पुन्हा मूठ काढायची. हाताला वळण पडलेलं, ते कुठं जातंय!

तर त्या वर्षी नेपाळातली माणसं कशी राहतात ते बघून यायला उपा निघाले, आणि सोबत बायकांतर्फे एक बाई पाठवायची ठरली. पी खुमी उभी राहिली आणि म्हणाली, "मी जाणार." नाही म्हणायची कुणाची छाती होती? फक्त दारापर्यंत पोचवायला आलेल्या शेजारणीला तिनं मनातलं सांगितलं. "बघायला कोण जातंय? पोरीला घेऊन येतेय मी. वेणी धरून आणावी लागली तरी आणणार."

सगळा प्रवास ती उपांशी भांडली. गाडीत खिडकी उघडी का, तर भांडण. बंद का, तर भांडण. उपांचं पोट बिघडलं, तर म्हणाली, "कोट घालून काय उपयोग, आतला माणूस कच्चा आहे." सरहद्दीवर काकडभिट्ट्याला तिथल्या चर्चचा हर्कमान राई घ्यायला आला होता. चाळिशीचा, हसऱ्या तोंडाचा गडी. त्यानं वाकून तिचं गाठोडं उचललं आणि हिंदीत म्हणाला, "द्या आमा, मी घेतो."

"हा मला काय म्हणतोय?" पी खुमीनं विचारलं.

"आमा म्हणजे आई," उपा म्हणाले.

"सांगा त्याला, एक पोर होती ती तुम्हा लोकांनी नेली. आणखी लेकरं नकोत मला."

उपांनी ते सांगितलं नाही. हर्कमान आपला हसत राहिला. जीप डोंगर चढायला लागली तशी पी खुमीच्या गाठोड्यातून वास सुटला. लेकीसाठी तिनं बरणीभर सा-उम आणलं होतं, डुकराची चरबी आंबवून करतात ते. आमच्या तोंडाला त्यानं पाणी सुटतं. बाकीच्यांचं काय होतं, ते जीपमधल्या माणसांनी पदर आणि रुमाल नाकाला लावून दाखवलं. पी खुमीनं एकेकाकडे असं बघितलं की एकदोघांनी रुमाल खाली घेतले.

काउलेबोट म्हणजे उतारावर पसरलेली वीस-पंचवीस घरं. झोदिनी एका म्हाताऱ्या बामणीच्या घरात खालच्या दोन खोल्यांत राहायची. एका खोलीत औषधं, एकीत ती. मिशनच्या टीममधले बाकीचे दोघं, नवरा-बायको, नदीपलीकडे शाळा चालवायचे. म्हातारीला सगळं गाव बजै, म्हणजे आजी, म्हणायचं. विधवा बाई, पांढरं लुगडं, ताठ कणा, आणि तोंड पी खुमीच्या तोडीचं.

लेक धावत आली, आईच्या गळ्यात पडली. "नू! किती वाळलीस गं!" आमच्याकडे आईला नू म्हणतात. पी खुमीचे डोळे भरून आले होते, ती आता काहीतरी गोड बोलणार होती. तेवढ्यात वरून बजै गरजली. झोदिनीनं आईला सोडलं आणि बरणी घेऊन परसाच्या टोकाला धावली.

"काय झालं?"

"बजैला वास सहन होत नाही. बरणी गोठ्यापलीकडे ठेवू."

"लांबून आणलंय मी ते, मांडीवर धरून!"

"नू, ऐक." झोदिनी परत येऊन दम खात म्हणाली. "इथं दोन गोष्टी सांभाळ. बजैचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि तिच्या चुलीच्या, पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. बाकी तुला काय करायचं ते कर."

"का? आपण काय खरकटे आहोत?"

"तिची रीत आहे."

"आणि तू इतकी वर्षं ती पाळतेस?"

"पाळते."

पी खुमीला झोप ती कसली. आमच्याकडे पाहुणा आला तर थेट चुलीजवळ बसतो, लाकूड सारतो, भांड्यात डोकावून विचारतो आज काय शिजतंय. नाही डोकावला तर यजमानाला वाटतं, हा रुसलाय. आणि इथं तिची पोर रोज सकाळी ओसरीच्या खाली उभी राहून विचारायची, "बजै, येऊ का?" बजै आतून ये म्हणाली की ओसरीवर बसायची, तिचा रक्तदाब बघायची, गोळी द्यायची, ती म्हातारी दोन हात लांबून हातावर भुईमुगाचे दाणे टाकायची, आणि ही हसून खायची. पी खुमीनं ते दोन दिवस बघितलं. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं तिला.

"कुत्र्याला टाकतात तसं टाकते ती तुला!"

"नू, तिच्या नातीचा जन्म माझ्या हातावर झालाय. पाऊस पडत होता, वाट वाहून गेली होती. बाळाला आंघोळ घातल्यावर तिनं स्वतः माझ्या हातातून घेतलं. तुला एक दिसतं, मला दुसरं दिसतं."

"मला एवढंच दिसतं की म्हातारपणी माझं डोकं दाबायला पोर घरात नाही, आणि ती परक्या म्हातारीचा दंड बांधत बसलीय." पी खुमीनं आता गाठ सोडलीच. "चल घरी. उपांना सांगते मी, जागा बंद करा. तिकडे दवाखान्यात नोकरी मिळेल. लग्नाचं बघू. चल."

"नाही, नू."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. हे माझं घर आहे आता." झोदिनीनं औषधाची पिशवी खांद्याला लावली आणि नदीपलीकडे एका बाळंतिणीला बघायला निघून गेली. आईशी भांडायला थांबली नाही. उलट बोलली असती तर पी खुमीला परवडलं असतं. भांडणात ती कुणाला हार गेली नव्हती.

उपा आणि हर्कमान शाळा बघायला गेले होते. पी खुमी एकटीच धुमसत ओसरीच्या पायरीवर बसली. हात शिवशिवत होते. वर ओसरीवर सुपात तांदूळ पसरलेले, शेजारी चकचकीत पितळेचं ताट. बजै ओल्या लुगड्यानंच तांदूळ निवडत होती, तेवढ्यात गाय दावं तोडून मक्यात शिरली आणि म्हातारी ओरडत तिच्यामागं गेली.

सुपात खडे दिसत होते. पी खुमीला निवडलेल्या तांदळात खडा दिसणं म्हणजे काय, ते आमच्या आळीला विचारा. "डोळे फुटलेत म्हातारीचे," ती पुटपुटली. ओसरी काही उंबऱ्याच्या आत नव्हती, आणि सूप म्हणजे चूल नव्हे. ती वर सरकली, सूप मांडीवर घेतलं, भराभर खडे वेचले. पाखडले. तांदूळ ताटात ओतले. स्वयंपाकाची वेळ, मोजून घेतलेले तांदूळ, समोर ताट. तिचा हात आपोआप गेला. तिनं मूठ भरली, पदराच्या टोकात घेतली, डोळे मिटले.

एरवी ती मिशनच्या लोकांसाठी मागायची. आज मनात एकच होतं. "देवा, हिला इथून हलव. या घरातून बाहेर काढ माझ्या पोरीला."

डोळे उघडले तर समोर बजै.

बजैनं जी किंकाळी फोडली, ती नदीपलीकडे ऐकू गेली असेल. पी खुमीला शब्द कळत नव्हते. म्हातारी कपाळ बडवत होती, ताटाकडे बोट करत होती, पी खुमीच्या पदराकडे बोट करत होती, आणि जवळ मात्र येत नव्हती. घराघरांतून माणसं आली. बजैचा पुतण्या खिलानाथ पहिला आला. त्याचं खालच्या बाजारात औषधाचं दुकान होतं, आणि झोदिनी आल्यापासून ते झोपलं होतं. तो कधीपासून असल्या दिवसाची वाट बघत होता, तो बरा मागं राहील!

उपा धापा टाकत आले, मागं हर्कमान. हर्कमाननं दोन वाक्यं ऐकली आणि त्याच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"काय केलं हो हे आमा? उद्या बजैच्या नवऱ्याचं श्राद्ध आहे. त्याच्या पिंडाचे तांदूळ होते ते. आज ती एकदाच जेवून राहिलीय, न्हाऊन ओल्यानं ते निवडत होती. एरवी कोरड्या तांदळाला हात लागला तर कुणी काही म्हणत नाही. पण हे!"

उपांनी ते पी खुमीला आपल्या भाषेत सांगितलं. आपलं चुकलं, हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि हे मी तिच्या बाजूनं सांगतोय. मेलेल्या माणसाचा मान आम्हालाही कळतो. तिनं पदर सोडून तांदूळ ताटाकडे नेले, तशी बजै आणखी जोरात ओरडली.

झोदिनी गर्दीतून वाट काढत आली. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली. बजै तिच्याकडे वळली आणि तिचा आवाज एकदम उतरला. ती हळू काहीतरी म्हणाली. झोदिनीनं आईकडे बघितलं.

"नू, ती विचारतेय, तू डोळे मिटून काय पुटपुटत होतीस. माझ्या नवऱ्याच्या तांदळावर काय मंत्र घातला, म्हणतेय."

खिलानाथ मागून ओरडत होता, आता आमच्या मेलेल्यांनाही बाटवायला निघालेत, काढा यांना गावाबाहेर.

हर्कमान पी खुमीच्या कानाशी आला, आणि उपा त्याचं हिंदी तिला समजावून सांगत गेले. "आमा, सांगा, खडे वेचत होते. उजेडानं डोळे मिटले. एवढंच सांगा. पाया पडा तिच्या. मिटेल सगळं. बजैचा झोदिनीवर जीव आहे."

"पी खुमी, जन्मात एकदा तरी जीभ आवरा," उपा हात जोडून म्हणाले.

आणि पी खुमीच्या मनात आलं ते आलंच. माफी मागितली तर मिटेल. मिटलं तर पोर इथंच राहील, उद्यापासून पुन्हा ओसरीखाली उभी राहील, बजै येऊ का. आणि खरं सांगितलं तर? हे लोक तिला एक रात्र ठेवायचे नाहीत. मागितलं होतं ते समोर आलं होतं. फक्त तोंड उघडायचं होतं, आणि तोंड उघडायला ती कधी घाबरली होती?

"सांग तिला," ती मोठ्यानं म्हणाली. "देवाच्या नावानं मूठ काढली मी. आमच्या चर्चसाठी काढतात तशी. आणि प्रार्थना केली."

"नू..."

"पुढं ऐक. प्रार्थना केली की माझ्या पोरीला या घरातून बाहेर काढ. हे असंच सांग."

तिचं बोलणं तिथं दोघांनाच कळलं होतं, उपांना आणि झोदिनीला. उपांनी मान खाली घातली. झोदिनी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. गाव वाट बघत होतं. तिच्या ओठांवर काय येतंय ते पी खुमी निरखत होती. मग झोदिनी बजैकडे वळली आणि सावकाश, एकेक वाक्य सांगत गेली. शेवटचं वाक्यही तिनं जसंच्या तसं सांगितलं.

खिलानाथनं पुन्हा सुरू केलं, तशी बजै त्याच्यावर खेकसली. मग झोदिनीला म्हणाली, आणि हर्कमाननं ते उपांना पुढं सांगितलं, "तुझ्याविरुद्ध माझं काही नाही, पोरी. तू कधी पायरी चुकली नाहीस. पण उद्या माझ्या नवऱ्याला मी काय तोंड दाखवू? हे गाव आता तुला माझ्याकडे राहू देणार नाही, आणि मीही ठेवणार नाही. जा तू." एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावलं. आतून रडण्याचा आवाज येत होता. पी खुमीकडे तिनं शेवटपर्यंत बघितलं नाही.

सामान बांधायला फार वेळ लागला नाही. गावातल्या बायका लांब उभ्या होत्या. एक जण पोर काखेत घेऊन पुढं आली, तिच्या नवऱ्यानं तिला दंडाला धरून मागं ओढलं. खिलानाथ जीप वळेपर्यंत वाटेवर उभा होता.

जीपमध्ये पी खुमी बोलतच होती. जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. घर रंगवून घेऊ, म्हणाली. तुझी खोली तशीच ठेवलीय. आपल्या आळीतल्या थांगीच्या पोराचं अजून लग्न व्हायचंय, बघ जमलं तर. एवढ्या तेवढ्यावर काय मन लावून घ्यायचं, जग मोठं आहे. झोदिनी खिडकीबाहेर बघत होती. उपांनी एकदा "पुरे हो" म्हटलं, तर पी खुमीनं त्यांना झाडलं, "तुम्ही पोट सांभाळा."

खाली बाजाराच्या चौकात जीप थांबली. झोदिनी उतरली. हर्कमाननं टपावरून तिची पेटी काढली. पी खुमीनंही पाय खाली टाकला.

"तू नको उतरू, नू. ही जीप थेट सरहद्दीला जाते."

"आणि तू?"

"मी खाली तराईत चाललेय. तिकडच्या टीमला नर्स हवी होती. उपांना विचारलंय मी."

पी खुमीनं उपांकडे असं बघितलं की उपा कोटाची बटणं चाचपायला लागले. "ती विचारत होती," ते पुटपुटले. "मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?"

"घरी येणार होतीस तू!"

"असं मी कधी म्हटलं?"

"मग त्या म्हातारीला सांगताना बदलून का नाही सांगितलंस?" पी खुमीचा आवाज चौकभर झाला. पानवाला बघायला लागला, हमाल बघायला लागले. "आपलं बोलणं त्यांना कुठं कळत होतं? सांगायचंस, आई माफी मागतेय! तुझ्या हातात होतं सगळं! एवढं घर घर करत होतीस, तर वाचवायचंस ते!"

"बजैशी मी कधी खोटं बोलले नाही."

"आईसाठी एकदा बोलायचं!"

"बोलले असते." झोदिनी आता रडत होती, आणि रडं पुसत नव्हती. "तू तांदूळ घेतलेस ते चुकून. त्यासाठी मी तिचे पाय धरले असते, गावाचे धरले असते, हवं ते खोटं सांगितलं असतं. पण नंतर तू बोललीस ते चुकून नव्हतं, नू. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू माझं घर मोडायलाच बोललीस."

पी खुमीनं तोंड उघडलं. काही नाही असं, म्हणायचं होतं तिला. पण लेक तिच्या डोळ्यांत बघत होती आणि तिला ते म्हणता येईना.

तराईची बस भरत आली होती. हर्कमान पेटी घेऊन पुढं गेला. झोदिनीनं वाकून आईचा हात एकदा कपाळाला लावला, तिकडच्या लोकांसारखा, आणि गेली.

"पुढच्या वर्षी येशील ना गं?" पी खुमी जीपच्या दारात उभी राहून ओरडली. "झोदिनी! नाताळला तरी?"

बसमध्ये जागेवरून गलका चालला होता. झोदिनीला ते ऐकू गेलं की नाही, हे उपांनाही सांगता आलं नाही.